अकरा दसरे पेटीत

आमच्या मजल्यावरची मनस्विनी सगळ्यांशी गोड बोलते, आणि त्याचा फायदा सगळे घेतात. तिच्या माहेरच्या कित्येक पिढ्या बेंगळुरूतच गेल्या. मी सात वर्षांपूर्वी पुण्याहून आले. तिची ही हकिगत सांगताना माझंच डोकं तापतं, तेव्हा सौम्य भाषेची अपेक्षा करू नका.

इथल्या जुन्या मराठी घरांत नवरात्रात पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात. लग्नात आई मुलीला लाकडाची राजा-राणीची जोडी देते, तिनं आपल्या घरी मांडणी सुरू करावी म्हणून. मनस्विनीलाही आईनं दिली, आणि पुढच्याच वर्षी आई गेली. जोडी मात्र अकरा दसरे पेटीतच राहिली. का? तर सासूबाई अनुसूयाअक्कांचा हुकूम, ‘घराण्यात बाहुल्या एकाच ठिकाणी मांडायच्या, होसकोट्याला!’

म्हणजे दसऱ्याची सगळी सुट्टी सासरी, होसकोट्यात. नणंदा, चुलत सासवा, त्यांची पोरं, रोज संध्याकाळी हळदीकुंकू, आणि ओट्यापाशी कोण? मनस्विनी. ऑफिसातली रजा सगळी त्यातच संपायची. आमच्या के. आर. पुरमहून होसकोटं असं कितीसं लांब! पण नवरात्रात सासूबाई कधी लेकाच्या घरी आल्या नाहीत. ‘घट बसलाय, घर बंद ठेवता येत नाही,’ हे त्यांचं ठरलेलं उत्तर. आणि नवरा, प्रणीत, मूग गिळून गप्प.

यंदा आठ वर्षांच्या भव्यानं ती पेटी उघडली.

‘अम्मा, हे कुणाचे?’

‘माझ्या आईनं दिलेले.’

‘मग तू मांडत का नाहीस?’

मनस्विनीनं राणीला उचललं, तर तिची रेशमी साडी घडीवर विरून हातात आली. आईनं स्वतः शिवलेली साडी. त्या दिवशी माझ्या घरी येऊन ती रडली, आणि दुसऱ्या दिवशी चिकपेटच्या कापडबाजारात जाऊन वीतभर रेशीम घेऊन आली.

घटस्थापनेला सकाळी तिनं पाच पायऱ्या मांडल्या, घट बसवला, मग सासूबाईंना फोन लावला. ‘अत्ते, यंदा आम्ही फक्त दसऱ्याच्या दिवशी येऊ. घट बसलाय, घर बंद ठेवता येत नाही.’ मी तिथंच उभी होते. टाळ्या वाजवाव्यात असं वाटलं.

मग जे फोन सुरू झाले! नणंद म्हणाली, ‘आईच्या वयाचा तरी विचार कर.’ अकरा वर्षं पुऱ्या लाटणाऱ्या बाईच्या वयाचा विचार कुणी केला होता? चुलत सासऱ्यांनी प्रणीतला सांगितलं, ‘बायकोला जरा आवर.’ प्रणीतनं, देव त्याचं भलं करो, पहिल्यांदाच तोंड उघडलं. ‘काका, पायऱ्या मीच लावल्यात.’

चौथ्या दिवशी अनुसूयाअक्का स्वतः रिक्षानं येऊन थडकल्या. त्यांच्या घटाचं, बंद घराचं त्या दिवशी काय झालं, ते त्यांनाच ठाऊक. मी हळदीकुंकवाला आले होते, ती कोपऱ्यात बसून राहिले. आता भांडण होणार! पण त्या थेट पायऱ्यांपाशी गेल्या. राणीच्या नव्या साडीवरून बोट फिरवत उभ्या राहिल्या.

‘माझीही जोडी आहे,’ त्या हळूच म्हणाल्या. ‘पेटीत. माझ्या सासूनं मांडू दिली नाही. त्रेचाळीस वर्षं झाली.’

मला भरून आलं. वाटलं, आता मनस्विनी वाकून नमस्कार करणार आणि सगळं गोड होणार. पण ती संतापली होती.

‘म्हणजे तुम्हाला माहीत होतं,’ ती म्हणाली. ‘आईची वस्तू पेटीत ठेवून दुसऱ्याच्या बाहुल्या पुसताना कसं वाटतं, ते माहीत होतं. तरी मला अकरा वर्षं तेच करायला लावलंत, अत्ते?’

भव्यानं अक्कांच्या हातावर उसळीची वाटी ठेवली आणि त्या चटईवर बसल्या, इतर पाहुण्यांसारख्या.

निघताना दारात त्यांनी विचारलं, ‘उद्या येशील का गं? स्वल्प मदतीला?’

‘नाही,’ मनस्विनी म्हणाली. ‘दसऱ्याला येईन, दुपारी, जेवायला. आणि तेव्हा तुमची पेटी उघडून ठेवा. राणीचं माप घ्यायचंय.’