तुटक्या बिस्किटांची पिशवी

माझी सून शाळेत विज्ञान शिकवते आणि घरी आली तरी तिचा तास संपत नाही. सासूची साखर वाढल्याचं कळलं, तेव्हापासून तिने खाण्यापिण्यावरचे माहितीपट लावायचा सपाटा लावला. कोंबड्या कशा फुगवतात, तेल कसं शुद्ध करतात, पाकिटातल्या सूपमध्ये भाजी किती आणि पावडर किती, असलं सगळं. जेवताना बघायच्या त्या गोष्टी नव्हेत, पण आमच्या डोंबिवलीच्या घरात टीव्ही जेवतानाच लागतो. मुलगा थोडा वेळ बघितल्यासारखं करून मोबाईलमध्ये तोंड खुपसायचा. मी मात्र शेवटपर्यंत बघायचो. रिटायर माणसाचं काय, समोर पंखा फिरत असला तरी तो बघत बसतो.

एका रविवारी टीव्हीवर बिस्किटांचा कारखाना आला.

मी स्वतः ठाण्यातल्या एका बिस्किट कंपनीत हयात घालवली. पॅकिंगला हेल्पर म्हणून चिकटलो आणि सुपरवायझर होऊन बाहेर पडलो. त्याच नोकरीवर कळव्याच्या चाळीतून इथे ब्लॉकमध्ये आलो, मुलाला इंजिनिअर केलं. माझ्या कपड्यांना कायम बिस्किटांचा गोड वास यायचा. चाळीतली पोरं मला बिस्किटवाले काका म्हणायची आणि मला ते आवडायचं, उगाच खोटं कशाला बोलू? एखाद्या लग्नात कोणी माझी ओळख करून दिली की समोरचा हमखास हसायचा. पोलिसात आहे म्हटलं तर माणसं जरा सरकून बसतात. बिस्किट कंपनीत आहे म्हटलं की जवळ येतात.

तर टीव्हीवर पिठाचा तो लांबच लांब पट्टा सरकताना दिसला, त्यावर साचे धाडधाड पडत होते, पुढे भट्टीचं तोंड, आणि माझ्या अंगात संचारलंच. निवेदन इंग्रजीत होतं. कंपनीतल्या इंग्रजी नोटिसा मला कळायच्या, पण हा गोरा गृहस्थ तोंडात सुपारी धरून बोलावं तसा बोलत होता. मागचं संगीत गंभीर होतं. ते मला भारदस्त वाटलं. मी ताटावरून उठलो, खरकट्या हाताने पडद्याकडे बोट दाखवत नातीला म्हटलं, "हे बघ, आजोबा अस्से इथे उभे राहायचे." मग स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडलो, "अगं, बाहेर ये! नवऱ्याचं काम टीव्हीवर दाखवतायत. कधीतरी कौतुक कर की!"

बायको हातात पळी घेऊनच दाराशी आली. ती आली आणि पडद्यावरचा कारखाना गेला. तिथे कोणा बाईचा पाय दिसायला लागला. नर्स त्या पायाचं बँडेज सोडवत होती.

"बाबा," सून हळूच म्हणाली, "ते कौतुक नाही करत आहेत."

मग तिने सांगितलं. मैदा, साखर आणि स्वस्तातलं तेल. जिभेला सवय लागेल अशा बेताने बनवलेलं. आणि गरिबाघरी हे नुसतं चघळायला नसतं, जेवणाच्या जागी खाल्लं जातं, असं तो माणूस म्हणत होता. बायको त्या पायाकडे बघत राहिली. तिच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला चप्पल लागून झालेली जखम महिनाभर भरत नव्हती आणि तिच्यावरही पांढरी पट्टी होती. "आमटी लागेल खाली," एवढंच म्हणून ती आत गेली.

"हे सगळं परदेशातलं असणार. आपल्याकडे असं नसतं," मी म्हटलं. सुनेने वाद घातला असता तर बरं झालं असतं, पण तिने माझ्या ताटात भात वाढला.

मला लाज वाटली ती त्या आरडाओरड्याची नव्हे. म्हणजे त्याचीही वाटली, पण ती तासाभरात गेली असती. 'जेवणाच्या जागी' हे शब्द मात्र डोक्यातून जाईनात. कारण कंपनीत तुटका माल निघायचा आणि तो आम्हा कामगारांना स्वस्तात मिळायचा. दर शनिवारी मी त्याची एक पिशवी भरून घरी आणत असे. अख्खे पुडे पाहुण्यांना आणि मुलाला. तुटका माल डब्यात. सकाळी सगळ्यांचे डबे भरून झाले, आम्ही बाहेर पडलो की बायको कपभर चहा घेऊन बसायची आणि त्यात बिस्किटांचे तुकडे टाकून चमच्याने खायची. तोच तिचा नाश्ता. कित्येकदा दुपारपर्यंत तेवढंच. वर्षानुवर्षं. आणि मी चारचौघांत छाती फुगवून सांगायचो की आमच्या घरात बिस्किटांचा डबा कधी रिकामा दिसायचा नाही. कंपनीला काय दोष देणार? कंपनीने माल विकला. घरापर्यंत पिशवी मी आणली होती, माझ्या हाताने.

त्यानंतर मी सुनेच्या वरताण झालो. घरातलं पाकिटातलं सगळं फेकून दिलं. दुकानात भिंग घेऊन पुड्यांच्या मागचं बारीक छापलेलं वाचत उभा राहायला लागलो, तेव्हा वाणी म्हणाला, "काका, घ्यायचं नसेल तर निदान बाजूला उभे राहा." बायकोच्या पानात काय वाढायचं तेही मीच ठरवू लागलो. ती ऐकून घ्यायची. मला तिला एकच गोष्ट विचारायची होती, तुझ्या या दुखण्याचं खापर तू माझ्यावर फोडतेस का, आणि तेवढंच सोडून मी तिच्याशी दिवसभर बोलत होतो. मेथीचे दाणे भिजवले का? चालून आलीस का? गोळी घेतलीस का?

जखम काही ऐकेना. शेवटी तिला ठाण्याला, माजिवड्याजवळच्या एका हॉस्पिटलात ठेवावं लागलं. डॉक्टर म्हणाले, आधी औषधांनी बघू, नाहीतर अंगठा काढावा लागेल. अंगठा वाचला, हे आत्ताच सांगून टाकतो. पण तेव्हा आम्हाला ते माहीत नव्हतं आणि पट्टी बदलायला कोणी आलं की मी काहीतरी काम काढून बाहेर जायचो.

आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हाताने जायची पद्धत नाही. आणि हातात काय असतं? बिस्किटांचा पुडा. मीही जन्मभर तेच केलं, उलट मी नेलेल्या पुड्याचा रुबाब जास्त, कारण तो घरच्या कंपनीचा. आता बायको साखरेनेच आडवी झालेली आणि येणारा प्रत्येक जण तिच्या उशाशी बिस्किटं ठेवून तब्येतीला जपायला सांगत होता. जे स्वतःला शहाणे समजत होते ते बिनसाखरेची आणत होते. मी ते पुडे कॉटशेजारच्या कपाटात कोंबत गेलो. एकदा नर्सने ते कपाट उघडलं तर सगळे तिच्या पायावर पडले. "काका, दुकान टाकताय का?" ती म्हणाली. आजूबाजूचे पेशंट हसले. माझे कान तापले.

त्याच दुपारी माझा कंपनीतला जुना सोबती आला. कळव्याच्या खाडीवरचा कोळी माणूस, भट्टीवर होता. गुडघ्यांनी बेजार, लिफ्ट बंद म्हणून जिने चढून आला होता. घामाने भिजलेला. खुर्चीत टेकल्या टेकल्या त्याने पिशवीतून दोन पुडे काढले आणि हसून म्हणाला, "घे वयनी. आपले घरचा माल हाय."

आमच्याच कंपनीचे पुडे होते ते.

माझा तोल गेला. "लाज नाही वाटत?" मी एवढ्या मोठ्याने ओरडलो की पलीकडच्या कॉटवरची बाई उठून बसली. "ह्याच्यानेच पाय सडलाय तिचा! घरचा माल म्हणे!"

तो पुडे हातात धरून तसाच बसला. परत पिशवीत ठेवावेत की काय, हे त्याला कळेना. "मना ठाव नव्हता भाऊ," तो म्हणाला.

बायकोने सलाईन लावलेला हात पुढे केला. "द्या इकडे, भावोजी. एवढे जिने चढून आलात." तिने पुडे घेऊन मांडीवर ठेवले, त्याच्या गुडघ्यांची चौकशी केली, त्याच्या सुनेला दिवस गेले होते त्याबद्दल विचारलं. तो थोडा वेळ बसला आणि माझ्याकडे न बघता गेला. त्याच्यामागे जिन्यापर्यंत तरी जायला हवं होतं. मी चादरीच्या सुरकुत्या काढत राहिलो.

"त्यांच्यावर कशाला ओरडलात?" बायको म्हणाली.

"मग कोणावर ओरडू?" मी म्हटलं, आणि इतके दिवस अडलेलं होतं ते आपोआप बाहेर पडलं. "पिशवी तर मीच आणायचो ना? माझ्यामुळे झालं का गं तुला हे?"

तिने जरा विचार केला. "माझ्या आईलाही होतीच की साखर," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणाले ना, घराण्यात असली की येते."

मला केवढं हलकं वाटलं! मूर्खासारखा मी हसलोसुद्धा. तिच्यासाठी शहाळं आणतो म्हणून उठलो, मग शहाळं चालेल का या विचाराने परत बसलो.

"पण मला ती बिस्किटं कधीच आवडली नाहीत," ती म्हणाली.

"मग खायचीस कशाला?"

"मला चहाबरोबर शिळी भाकरी लागायची. माहेरी आम्ही तेच खायचो. लग्न झाल्यावर सुरुवातीला सासरीही खात होते की. तुम्ही म्हणालात, बिस्किट कंपनीतल्या माणसाची बायको दारात बसून शिळी भाकरी खाते, चाळीतले काय म्हणतील? त्याच शनिवारी पहिली पिशवी घेऊन आलात." तिच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता. "एवढ्या हौसेने आणायचात. मग नाही कसं म्हणणार? आठवतं का तुम्हाला?"

आठवत होतं. चाळीच्या नळावर दोन बायका पाणी भरत होत्या. हिच्या तळहातावर नाचणीची अर्धी भाकरी होती. मी त्या बायकांना ऐकू जाईल असं, हसत हसत बोललो होतो, आणि हिने भाकरी पदराखाली घेतली होती.

"नाही गं," मी म्हटलं. "मला नाही आठवत."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग "असू दे" म्हणाली आणि कूस बदलून भिंतीकडे तोंड करून झोपली.