जुडीतला रानओवा

शहराला निघायच्या दिवशी नेव्याना जिन्याखाली जोडे शोधत होती, तेव्हा वर तिची आई रुसाना आणि आत्या भांडत होत्या.

"शहरात जाऊन झाडपाला उकळणार तुझी लेक. पत्करणार कोण तिला?"

"वन्सं, तुम्हाला पत्करलंच ना कुणीतरी."

नेव्यानाला कुणी पत्करलं नाही, की तिनंच कुणाला पत्करलं नाही, यावर गावाचं अजून एकमत नाही. प्लोवदिव शहरातल्या प्रयोगशाळेत ती आमच्याच डोंगरावरचा, काड्यांच्या जुड्या बांधून वाळवलेला रानचहा दळायची, अल्कोहोलात भिजवायची आणि तो अर्क पांढऱ्या भुकटीनं भरलेल्या काचनळीतून थेंब थेंब उतरवायची. त्यातलं एकच द्रव्य तिला हवं होतं. शरीराला गंज चढू न देणारं अँटिऑक्सिडंट, अगदी निर्भेळ. तेवढं हाती लागलं की जन्माचं सार्थक, असं तिनं ठरवूनच टाकलेलं.

पारख करायला ती थेंब पट्टीवर ठेवून, त्यातली द्रव्यं वेगवेगळी पसरू देऊन, जांभळा फवारा मारी. द्रव्य असेल तिथं फिका पिवळा डाग उठे. डाग एकच हवा. पण दरवेळी शेजारी आणखी एक येऊन बसलेला. नळी बदलली, भुकटी बदलली, तरी तो हटेना.

शेवटी तिनं गावाहून आलेली जुडी काडी काडी सोडली. मधोमध रानओवा. आमच्या घरांतून दूरच्या माणसाला चहाची जुडी नुसती धाडत नाहीत.

तिनं फोन लावला.

"आई, जुडीत रानओवा घालतेस?"

"मग? एकटी जुडी पाठवू?"

"नको घालूस. नुसता चहा दे."

"वास छान येतो गं पिताना."

"मी पीत नाही तो, आई. सगळा कामाला जातो."



"इतकी वर्षं?" रुसाना म्हणाली. "बरं. नुसता देते."

त्या शरदात पट्टीवर एकच डाग उठला. प्रयोगशाळेतल्या सोबत्यांनी चीज भरलेली बनित्सा आणून खाल्ली आणि ते आपापल्या घरी गेले. नेव्याना पट्टी दिव्याखाली धरून बसली. दाखवायचं कुणाला? आईला फोनवर डाग कसा दिसणार.

पुढं आई गेली. मावसबहीण जुड्या बांधू लागली. आईनं तिला सांगूनच ठेवलेलं, त्यामुळे तीही नुसता चहाच धाडी.

नेव्याना वारली, त्याच्या आदल्या शुक्रवारीही ती बसथांब्यावर उभी होती. गावाहून येणाऱ्या बसचा ड्रायव्हर रांगेल, त्यानं सीटमागून पुडकं काढलं.

"घ्या ताई. तुमच्यापेक्षा हेच जास्त प्रवास करतं."

"रस्ता कसा होता?"

"वाकडा. नेहमीसारखाच."

पुडकं काखोटीला मारून ती प्रयोगशाळेत आली. त्यातला नुसता चहा कागदावर पातळ पसरला, उन्हं येतील म्हणून पडदा ओढला, आणि कुलूप लावून घरी गेली.