नेलपॉलिश, खंडेनवमी आणि काकांच्या गाडीचं झाकण

गेल्या महिन्यात इथे कोणीतरी विचारलं, ताई, तुमचा आजवरचा सगळ्यात अवघड प्रवास कोणता? लडाख वगैरे उत्तर अपेक्षित असावं. खरं उत्तर म्हणजे नागपूरहून हिंगणघाटच्या पलीकडचं एक खेडं. अंतर जेमतेम शंभर किलोमीटर, साल १९७४, वाहन माझ्या काकांची गाडी.

दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची विलायती चार सिलिंडरची गाडी होती ती. काका तिला मड्डम म्हणत. काकू तिला वेगळं काहीतरी म्हणायची, ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी कॉलेजसाठी त्यांच्याकडे प्रताप नगरात राहायचे, त्यामुळे दोन्ही नावं रोज ऐकायचे.

दसऱ्याला सीमोल्लंघनाला मड्डममधूनच जायचं हा काकांचा नेम होता. ती ढकलत न्यायची हा गल्लीचा. असे तीन दसरे झाले. चौथ्याच्या आधी काकूनं देवघरासमोर उभं राहून जाहीर केलं, "यंदा गाडीला मागून एक जरी हात लागला, तर एकादशीला कबाडी येऊन घेऊन जाईल. मी सांगून ठेवलं आहे त्याला." काका सरकारी कचेरीत कारकून. वरिष्ठांना हो म्हणायची सवय अंगात मुरलेली. ते "बरं" म्हणून गेले आणि मग रात्रभर कूस बदलत राहिले.

दुखणं एकाच जागी होतं. इंजिनात चारही सिलिंडरांना ठिणगी वाटून देणारी एक डबी असते, तिच्यावर काळं, वाटीएवढं झाकण. मधोमध एक उंचवटा, भोवती चार, त्यांतून वायरी निघतात. आमच्या झाकणाला केसाएवढा तडा गेला होता. ठिणगी तिथून भलतीकडे पळायची आणि मड्डम खोकत खोकत बसून जायची. नवं झाकण मिळणं शक्य नव्हतं, कारण ती गाडी बनायची बंद होऊन जमाना झाला होता. तड्यात नेलपॉलिश भरलं तर तासभर निभावतं, ही अक्कल काकांना कोणी दिली ठाऊक नाही. पण अख्ख्या घरात नेलपॉलिशची बाटली एकच होती. माझी, लालभडक, गॅदरिंगसाठी आणलेली.

"बेबी, बाटली दे," काका म्हणाले.

"बाटली जाईल तिथे मी जाईन."

अशा रीतीनं मला पुढची सीट मिळाली.

अष्टमीला सकाळी तर्री-पोहे खाऊन कामठीला निघालो. तिथे लष्करी छावणीतून मोडीत निघालेला माल विकत घेणारे कबाडी होते. त्यांच्यातल्या सगळ्यात जुन्याकडे, चाचांकडे, काकांची आशा होती. चाचांनी झाकण हातात न घेता आधी मड्डमभोवती एक फेरी मारली, मुलगी बघायला आल्यासारखी. मग म्हणाले, "अच्छा, तो ये है वो. भाभीजीने बोला है, एकादशी को उठाने का."

काकूनं सांगून ठेवलेला कबाडी हाच. काकांचा चेहरा असा पडला की मला हसू आवरेना, आणि चाचांनाही दया आली असावी. त्यांनी आम्हाला चहा पाजला. म्हणाले, "ऐसीच गाडी मैंने हिंगनघाट के उधर से उठाई थी, नौ-दस साल हुए. सब मिला, झाकण नहीं मिला. मैंने पूछा, तो बाई बोली वो पूजा में रखा है, नहीं मिलेगा." मग त्यांनी गावाचं नाव सांगितलं आणि जाता जाता काकांना म्हणाले, "मिल गया तो भाभीजी को मेरा नाम मत बोलना."

नवमीला भल्या सकाळी वर्धा रोड धरला. आजची बुटीबोरी डोळ्यांसमोर आणू नका. तेव्हा तिथे कारखाने नव्हते, रस्त्याच्या कडेला एक चहाचं हॉटेल आणि मागे ज्वारी. तिथे मड्डम पहिल्यांदा बसली. काकांनी झाकण उतरवून धोतराच्या सोग्यानं पुसलं, मी तड्यावर पॉलिशचा एक हात मारला आणि वाळेपर्यंत फुंकर घालत बसले. शेजारी एक बैलगाडीवाला थांबून हे सगळं नीट पाहत होता.

"काहून जी, गाडीले नखपालिश लावून राहिले?"

"उद्या तिचं लग्न आहे," काका म्हणाले.

"मंग हळद नाई लावली?" एवढं विचारून तो बैल हाकत पुढे गेला, आणि पुढच्या मुक्कामी मड्डम बसलेली असताना आम्हाला मागे टाकूनही गेला.

जांबच्या चौरस्त्यावर आलूबोंडे खाल्ले. गरम होते, मिरची सढळ होती, आजही तिथे थांबा. तिथेच कळलं की बाटलीत आता एकाच हाताचं पॉलिश उरलं आहे. काका बोनेटला टेकून उभे होते. मला वाटलं, आता कारकुनी सुरू होईल, परत फिरू म्हणतील. पण ते अगदी हळू म्हणाले, "बेबी, ही गाडी माझ्या वडिलांनी मला शिकवली. दुसरं त्यांनी काही शिकवलं नाही, मारणं सोडून." मग हॅन्डल उचलून म्हणाले, "परत फिरलो तर घरी पोचू. पुढे गेलो तर तिथपर्यंत पोचू, मग देवाच्या हाती."

"मग पुढेच चला," मी म्हटलं. "देव तिकडेच आहे म्हणतात."

हिंगणघाट ओलांडून, वणा नदीचा पूल पार करून, कच्च्या रस्त्यानं गावात शिरलो तेव्हा दुपार झाली होती. मड्डमनं शेवटचा श्वास एका घराच्या अंगणासमोर सोडला. नेमकं तेच घर. चाचांनी सांगितलेल्या बाई म्हणजे सुमनबाई, पन्नाशीच्या, नवरा नसलेल्या, शेती स्वतः बघणाऱ्या. खंडेनवमी असल्यानं अंगणात अवजारांची पूजा मांडली होती. नांगराचा फाळ, विळे, पेरणीची तिफण, वजनाचा काटा. आणि मधोमध पाटावर, लाल कापडावर, शेंदरानं माखलेलं, आम्हाला हवं होतं ते झाकण. मध्ये एक, भोवती चार, प्रत्येक उंचवट्यावर एकेक झेंडूचं फूल. कोणीही पंचायतनच म्हटलं असतं. काकांनी असे मनापासून हात जोडलेले मी आधी कधी पाहिले नव्हते.

दोन घास पोटात गेल्याशिवाय बोलायचं नाही, असा तिथला कायदा. कढी-वडे, पुरणपोळी, वर तुपाची धार. काकांचं सगळं लक्ष पाटाकडे होतं. शेवटी त्यांनी आमचं तडकलेलं झाकण खिशातून काढून पुढे ठेवलं आणि चाचरत म्हणाले, "बाई, रागावू नका, पण तुमचा जो देव आहे ना, तो खरं म्हणजे..."

"गाडीचा भाग आहे," सुमनबाई म्हणाल्या. "मले काय माहीत नाई का? आमच्या सासऱ्यायची गाडी होती. एका नवमीले डायव्हरनं पूजेत ठेवला, अन् गाडी बंदच पडली होती तर कोणी उचलला नाई. पुढच्या साली सासूबाईनं शेंदूर लावला. मंग झाला देव."

"मग द्याल?"

"देवाची जागा रिकामी कशी ठेवू, जी?"

त्यांनी आमचं झाकण उचलून उन्हात फिरवलं. तड्यावरची लाल रेघ त्यांना दिसली. "याले तर तुम्ही कुंकू लावूनच आणलं," त्या म्हणाल्या. मी माझी नखं पदराखाली लपवली, पण उशीर झाला होता. त्या माझ्याकडे बघून हसल्या आणि त्यांनी दोन अटी घातल्या. पहिली, दर नवमीला येऊन ही रेघ ज्या हातानं काढली त्याच हातानं नवी करायची. दुसरी सांगताना त्यांनी पदर सारखा केला.

"गाडी नऊ वर्षं दारात उभी होती. माणसं बसायची, पोरं बसायची. बायायनं बसायचं नाई, असा सासऱ्यायचा कायदा. मी एकदा बी बसली नाई. तुमची चालू झाली तर मले वेशीपर्यंत नेऊन आणा."

काकांनी देव उचलला. शेंदूर पेट्रोलनं धुवावा लागणार होता, म्हणून त्यांनी आधी देवाची माफी मागितली. "अभिषेकच समजा," सुमनबाई म्हणाल्या, "पण आधी ती समई आत न्या." आत तूप, तांदूळ आणि कापराचा चुरा निघाला. ठिणगी आत पोचवणारा मधला कोळशाचा ठिपका गळून पडला होता, तो काकांनी आमच्या झाकणातून काढून बसवला. वायरी लावल्या. मी हॅन्डल फिरवलं, एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा मड्डम अशी गुरगुरली की तिफणीवर बसलेल्या कोंबड्या उडाल्या.

सुमनबाई पुढच्या सीटवर बसल्या. माझी सीट गेली, मी मागे जाऊन बसले. काकांनी त्यांना वेशीपर्यंत नेलं, तिथून पुढे पुलापर्यंत, आणि परत. येताना त्यांनी काच खाली करून हात बाहेर ठेवला होता, आणि गावातले पुरुष ओट्यांवरून उठून उभे राहिले होते. उतरल्यावर त्या म्हणाल्या, "एवढंच असते होय?" पण बराच वेळ त्यांनी दाराची मूठ सोडली नाही.

दसऱ्याला गल्लीतले सगळे बाह्या सरसावून आले. मड्डम त्यांच्यासमोरून सरळ निघून गेली. मागून कोणीतरी नाराज होऊन म्हणालं, "हे काही दसऱ्यासारखं वाटलं नाही." काकू मागच्या सीटवर आपट्याची पानं मांडीवर घेऊन ताठ बसली होती. एकादशीला चाचा आले, चहा पिऊन, गाडीला हात न लावता गेले.

आता काका नाहीत. मड्डम त्यांच्या आधी दोन वर्षं एका शौकिनाकडे गेली, स्वतःच्या चाकांवर. सुमनबाईही गेल्या, आता त्यांची सून पूजा मांडते. तुम्हाला तिकडे जायचं असेल तर नवमीला जा, सकाळी लवकर निघा, आणि जेवणाआधी कामाचं बोलू नका. पाटावर शेंदूर लावलेलं आमचं जुनं झाकण दिसेल. शेंदराखाली एक लाल रेघ असते. ती यंदाही मीच काढली आहे.

बाटली मात्र मी विकत घेत नाही. ती दरवर्षी घटस्थापनेला काकू मागवते, नव्वदीच्या घरात आली तरी. परवा परतले तेव्हा ती दारातच खुर्ची टाकून बसली होती. देव कसा आहे, सून कशी आहे, काही विचारलं नाही. माझा हात ओढून बोटाला लागलेला रंग तिनं चष्म्याजवळ नेऊन पाहिला.

"लाल नेलंस ना?" ती म्हणाली. "मागच्या वर्षी दुकानदारानं गुलाबी दिलं होतं. ह्यांना गुलाबी आवडलं नसतं."