सलूनमधला डबा

कॉलेजच्या फाटकासमोर ज्यांचं केस कापायचं दुकान होतं, त्या काकांना एक खोड होती. हातात कात्री असली की कुणी काहीही विचारो, ते मान डोलवायचे. तशीच मान डोलवून त्यांनी तो डबा ठेवून घेतला. कॉलेजातल्या दोन मुली आणि एक मुलगा आले होते. रस्त्यावरच्या प्रत्येक दुकानात असा डबा ठेवतोय, ज्याला लागेल त्याने न विचारता घ्यावं, असं सांगत होते. काकांना वाटलं, कापूस असेल. ब्लेड लागलं तर बरा.

दुपारी झाकण उघडलं तर आत सॅनिटरी पॅड. काकांनी झटकन वर टॉवेल टाकला आणि खुर्चीतल्या गिऱ्हाइकाची एकच बाजू दोनदा कापली.

घरी बायकोला हसू आवरेना. पुरुषांच्या दुकानात हे घ्यायला कोण येणार, असं तिने विचारलं. पोरांचा घोळ झालाय, डबा परत करायचा, असं काकांनी ठरवलं.

त्याआधीच शेठ आला. शेठ हे काकांनीच ठेवलेलं नाव. पलीकडच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातला विशी-बाविशीतला पोरगा. दोन वर्षं नेमाने येत होता. बाजूने बारीक, वर जरा दाट. दाढी मात्र येत नव्हती. काहींना उशिरा येते, असा धीर काकांनी त्याला कितीदा दिला होता. त्या दिवशी केस कापून झाले तरी तो उठेना. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. डब्यावर चिकटवलेली, टॉवेलखालून डोकावणारी 'लागेल त्याने घ्या' ही चिठ्ठी वाचून तो हळूच म्हणाला, "काका, यातलं एक घेऊ?"

"घे की. बहिणीला हवंय का?"

"नाही. मलाच."

मग तो थोडक्यात सांगत गेला. जन्मल्यावर सगळ्यांनी मुलगी म्हटलं, पण तो मुलगाच आहे. पाळी अजून येते. औषधाच्या दुकानात मागितलं की लोक बघत राहतात. काकांना अर्धं कळलं, अर्धं डोक्यावरून गेलं. राग आला नाही, कीवही नाही. या डोक्यावरचा भोवरासुद्धा आपल्याला पाठ, आणि माणूसच माहीत नव्हता, एवढंच मनात घोळत राहिलं.

"मग आता मी तुला काय म्हणू?"

"म्हणता तेच म्हणा की."

कुणाचं ते न सांगता काकांनी बायकोला विचारलं, अशा वेळी माणसाला काय काय लागतं. बाथरूमला आतून कडी आणि वापरलेलं टाकायला झाकणाची बादली, ती म्हणाली. पंचवीस वर्षांच्या संसारात हे आपल्याला कसं सुचलं नाही, हा आणखी एक गोंधळ वाढला.

कॉलेजची ती तिघं चौकशीला आली तेव्हा डबा दुकानामागच्या बाथरूममध्ये गेला होता, दाराला आतून नवी कडी होती, कोपऱ्यात झाकणाची बादली. एक पॅड कमी झालेलं पाहून त्यांनी कुणी घेतलं ते विचारलं. "गिऱ्हाइकाने," काका म्हणाले, आणि उलट आपल्याच शंका विचारायला लागले. तिघंही एकदम समजावू लागली, कागदावर बाण काढू लागली. काका होते त्याहून गोंधळले.

शनिवारी कॉलेजात या डब्यांबद्दल बैठक होती, तिला मुलांनी काकांनाही बोलावलं; ते शेवटच्या रांगेत बसले. बोलणं बरंच मोठं चाललं होतं. शेवटी त्यांनी हात वर केला.

"तुमच्या कॉलेजात मुलग्यांच्या बाथरूममध्ये झाकणाची बादली आहे का?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग एका मुलीने ते वहीत लिहून घेतलं. आपण योग्य विचारलं की भलतंच, हे न कळून काका खाली बसले.