रूबेनभावजींसाठी दहा माणसं

रूबेनभावजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी इस्रायलमधल्या किर्यात गातच्या बाजारात भेंडी निवडत होतो. फोन भाचीचा होता, ओर्नाचा. तिला मराठी कळतं, पण जिभेवर येत नाही. ती हिब्रूतच म्हणाली, "मामा, आबा गेला." हृदयाचं दुखणं म्हणून त्यांना पेताह तिक्वाच्या इस्पितळात ठेवलं होतं. दोन दिवसांत घरी सोडणार, असं आदल्याच दिवशी बहिणीने सांगितलं होतं. मी भेंडीची पिशवी तिथेच ठेवून निघालो. भाजीवाला मागून हाका मारत राहिला.

आम्हा ज्यू लोकांत दफनानंतर सात दिवस घरच्यांनी खाली बसायचं आणि लोकांनी भेटायला यायचं, त्याला इथे शिवा म्हणतात. चौथ्या दिवशी शहरातलं सायकल मंडळ आलं. डझनभर बाप्ये, अंगाला चिकटलेले चकचकीत कपडे, पायांत सायकलचे ते खास बूट. बहिणीच्या फरशीवर टाकटाक वाजवत ते आत शिरले. त्यांचा म्होरक्या अमनोन बहिणीचा हात धरून म्हणाला, "तुझ्या नवऱ्याचे हात सोन्याचे होते." इंटरनेटवर त्यांनी भावजींचा फोटो टाकला होता आणि खाली असाच मजकूर. अकरा वर्षांत यांच्यापैकी एकानेही हा माणूस जिवंत आहे का म्हणून विचारलं नव्हतं. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते काही खोटं नाही. त्यांनी बहिणीच्या हातचा चहा घेतला, चक्की, आमची गोड वडी, दोनदा मागून खाल्ली आणि अर्ध्या तासात गेले.

इथल्या मराठी मासिकाच्या पुरवणीसाठी भावजींवर चार ओळी लिहून द्या, असा निरोप आला तेव्हा पहिल्यांदा हाच राग वर आला. राग मला लवकर येतो आणि बराच काळ टिकतो. तेवढीच एक गोष्ट मी आयुष्यभर नीट सांभाळली.

भावजी मूळ अलिबागकडचे. मुंबईत माझगावच्या एका वर्कशॉपात फिटर होते. माझ्या थोरल्या बहिणीशी लग्न झालं आणि दोघं इथे आली, मागोमाग मीही आलो. इथे त्यांनी कापडाच्या कारखान्यात यंत्रं दुरुस्त केली. नव्वदीच्या सुरुवातीला तो कारखाना बंद पडला, आणि पन्नाशीच्या माणसाला दुसरीकडे कोण घेणार? आमच्या इमारतीखाली मिकलात होता, म्हणजे लढाईत बॉम्ब पडू लागले की लपायची काँक्रीटची खोली. ती त्यांनी नगरपालिकेकडून वापरायला घेतली, छताला आकडे ठोकले आणि सायकली टांगल्या. मी तेव्हा हसलो होतो. "माझगावचा फिटर, आता पंक्चर काढणार." ते म्हणाले, "चाक ते चाक. गोल असलं म्हंजे झालं." असं पडतं घेणारं बोलणं मला कधीच आवडलं नाही. मला तो माणूस गोगलगाय वाटायचा.

मग गावाबाहेर कॉम्प्युटरच्या चिपचा मोठा कारखाना उभा राहिला. तिथल्या इंजिनिअरांनी सायकली घेतल्या आणि मंडळ काढलं. या लोकांविषयी काय सांगू? पायांचे केस काढायचे, म्हणजे म्हणे वारा कमी लागतो. शंभर ग्रॅम वजन कमी व्हावं म्हणून इटालियन हँडल मागवायचं आणि पोट मात्र मांडीवर घेऊन बसायचं. चढावर धाप लागली की गिअरला शिव्या, नाचता येईना अंगण वाकडं. तरी एवढी अक्कल त्यांना होती की भावजींसारखा कारागीर तेल अवीवपर्यंत मिळणार नाही. भावजी चाकाचा आऊट, म्हणजे फिरताना येणारी डुगडुग, कानाने काढायचे. एकेक स्पोक नखाने वाजवायचे, आणि ज्याचा आवाज वेगळा त्याला पाना लावायचे. काम झालं की सायकल रात्रभर टांगून ठेवायची, सकाळी पुन्हा प्रत्येक बोल्ट तपासायचा, मग स्वतः चपला घालून इमारतीला एक चक्कर मारायची, आणि त्यानंतरच सायकल गिऱ्हाइकाची. तोवर तिच्या हँडलला चिंधीची गाठ. गाठ आहे तोवर सायकल कुणालाही मिळायची नाही, मग तो शहराचा महापौर का असेना. ती गाठ ते स्वतः सोडायचे. कितीही घट्ट बसलेली असो, दातांनी ओढायचे, पण सोडायचे, कापायचे नाहीत.

वर्षातून एकदा मंडळ सायकलवरून एलातला जायचं, चार दिवस, थेट तांबड्या समुद्रापर्यंत. मागून व्हॅन, आणि व्हॅनमध्ये चाकं, ट्यूबा, पान्यांची पेटी घेऊन भावजी. त्या चार दिवसांसाठी तो माणूस वर्षभर जगायचा. खरं सांगतो, मुलीच्या लग्नातसुद्धा मी त्यांना इतकं खूश पाहिलं नाही. परत आले की आठवडाभर बहिणीला तेच तेच ऐकवायचे. "डोंगर उतरला ना, की एकदम समुद्र. आपल्या रेवदंड्यासारखा, पण नारळ नाय." मला ते कधी म्हणाले नाहीत की तूही चल. बहुतेक विचारलं असतं तर मी नाक मुरडलं असतं. पण विचारलं नाही हे मनात राहिलं.

आता मूळ गोष्टीवर येतो, इथवर टाळत आलो तरी. योम किपूरला, म्हणजे पापांची माफी मागायच्या दिवसाला, आमची जुनी माणसं दारफळणीचा सण म्हणतात. कोकणात त्या दिवशी दारं लावून, पांढरे कपडे घालून उपास करायचे, बाहेरच्याची सावली नको. इस्रायलमध्ये त्याच दिवशी रस्त्यावर एक मोटार नसते, म्हणून ज्यांना देवाचं काही पडलेलं नाही ते सगळे सायकली काढतात. हमरस्ते मोकळे, पोरंटोरं, बाया, बाप्ये सगळे रस्त्यावर. म्हणजे सणाच्या आधीचा पंधरवडा भावजींना जेवायला फुरसत नसायची. आदल्या दिवशी बारा वाजले की ते पाना खाली ठेवत, घरी जाऊन अंघोळ करत, पांढरे कपडे चढवत. उरलेल्या सायकली गाठीसकट तशाच टांगलेल्या राहत. लोक चिडायचे, ते ऐकायचे नाहीत.

अकरा वर्षांपूर्वी सणाच्या आदल्या दिवशी मला सुट्टी होती, म्हणून मी हाताखाली गेलो होतो. बारा वाजता भावजी म्हणाले, "झाडून घे नि कुलूप लाव, मी जातो." ते गेले आणि अमनोन आला. त्याची सायकल टांगलेली, गाठ बांधलेली. भावजींनी हँडल काढून आतल्या बेअरिंगला ग्रीस भरलं होतं आणि हँडल बोल्ट न आवळता नुसतं बसवून ठेवलं होतं. हे मला नंतर कळलं. अमनोनने इतक्या वर्षांत माझ्याकडे कधी मान वळवून पाहिलं नव्हतं. त्या दिवशी त्याने माझा हात हातात घेतला. म्हणाला, "तू त्याचा भागीदार ना? तुझ्याशिवाय हे दुकान चालत नाही, सगळे म्हणतात." सगळे असलं काही म्हणत नव्हते, आणि ते मला माहीत होतं. पण चढलो हरभऱ्याच्या झाडावर. गाठ सुटेना, म्हणून कात्रीने कापली आणि सायकल खाली काढून दिली.

सणाच्या दिवशी उतारावर अमनोनने हँडल वळवलं आणि चाक वळलंच नाही. तो रस्त्याकडेच्या दगडांत पडला, खांद्याचं हाड मोडलं. आम्ही तेव्हा सिनेगॉगमध्ये उपाशीपोटी छाती बडवून पापांची यादी म्हणत होतो.

दुसऱ्या दिवशी, शिळ्या सणाला, मंडळ मिकलातमध्ये आलं. अमनोनचा हात गळ्यात, मागे दोघं सायकल धरून. भावजींनी हँडल हलवून पाहिलं. मग कचऱ्याच्या डब्यात पाहिलं. चिंधी तिथे होती, गाठ तशीच, बाजूने कापलेली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं... मी दाराशी उभा होतो. ते थांबले. मी बोलेन म्हणून थांबले हे मला तेव्हाही कळलं होतं. मी मूग गिळून गप्प. मग ते आपल्या मोडक्या हिब्रूत अमनोनला म्हणाले, "दुकान माझं. जबाबदारी माझी."

पुढल्या एलातच्या वेळी त्यांना कुणी बोलावलं नाही. त्यांनी पान्यांची पेटी मात्र भरून ठेवली होती. निघायच्या दिवशी सकाळी सहाला खाली जाऊन उभे राहिले आणि आठला वर आले. बहिणीने मला ते सांगितलं तेव्हा मी म्हणालो, "मग, असल्या लोकांकडून काय अपेक्षा?" इतका मी पक्का झालो होतो. त्यानंतर भावजी पोरांच्या सायकली, बाबागाड्या, म्हाताऱ्यांच्या बाजारगाड्यांची चाकं दुरुस्त करत राहिले. कामात तीच काटेकोरी.

दारफळणीच्या आदल्या दिवशी आपण ज्याचं वाईट केलं त्याच्याकडे जाऊन माफी मागायची, अशी आमची रीत. माणसाचा अपराध देव परस्पर माफ करत नाही. त्या अपघातानंतर भावजी दर सणाला माझ्या दारी येऊ लागले. मी धाकटा, जायला मी हवं होतं. ते उंबऱ्यात उभे राहत आणि म्हणत, "माझं काय चुकलं असेल तर माफ कर." मी म्हणायचो, "माफ आहे. माझंही काही चुकलं असेल तर करा." ते लगेच जायचे नाहीत. जरा वेळ उभे राहायचे. एका वर्षी म्हणाले, "'काही' म्हंजे काय, ते बोलता आलं तर बघ." मी पाणी आणायला आत गेलो. पाणी घेऊन आलो तोवर ते गेले होते.

दफनानंतर मी आमच्या हजानकडे, सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणाऱ्या म्हाताऱ्याकडे गेलो. सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मेलेल्याची माफी मागायची तर दहा पुरुष घेऊन कबरेवर जायचं, नि त्यांच्यासमोर काय केलं ते बोलायचं. रूल हाय."

"आपल्यातले दहा जमवाल का?" मी विचारलं.

"त्याचं नाव आपल्यात गेलं होतं की त्यांच्यात?" तो म्हणाला. "ज्यांच्यात गेलं त्यांना ने."

महिना झाल्यावर एका शुक्रवारी सकाळी मी मंडळाला कबरस्तानात बोलावलं. त्यांना वाटलं गौरवाचा कार्यक्रम आहे. सायकलींवरच आले, मोजून दहा. डोकं झाकायला टोप्या नव्हत्या म्हणून हेल्मेटं तशीच ठेवली. एकाच्या हेल्मेटला मागे लाल दिवा लुकलुकत होता. या असल्या ध्यानांपुढे मी उभा राहिलो, आणि त्यांच्याहून खालच्या पायरीवर होतो. हिब्रूत सांगितलं. गाठ मी कापली, सायकल मी दिली, गप्प मी राहिलो, रूबेनचा दोष नव्हता.

अमनोनने आधी डावा खांदा चाचपला, मग उजवा. "अरे, ते होय," तो म्हणाला. "ते तर मी विसरूनही गेलो होतो. त्याच हिवाळ्यात पुन्हा सायकल चालवायला लागलो."

"मग त्यांना परत एलातला का नेलं नाही?"

त्याने खरंच विचार केला. "त्या वर्षी दुसरा दुकानदार स्वतःची व्हॅन घेऊन आला. पुढल्या वर्षीही आला... मुद्दाम असं कुणी ठरवलं नव्हतं."

रीतीप्रमाणे दहा जणांनी तीनदा "माफ आहे" म्हणायचं असतं. त्यांनी म्हटलं. तिसऱ्या वेळी एकजण घड्याळ बघत होता. ज्यांनी भावजींना टाकलं त्यांनीच मला माफ केलं आणि बूट पेडलला अडकवून निघून गेले. मला काडीचंही हलकं वाटलं नाही.

तिथून मी थेट मिकलातमध्ये गेलो. बहीण एकटीच होती. शुक्रवारी दुपारी टांगलेल्या सगळ्या सायकलींच्या साखळ्यांना तेल द्यायचा भावजींचा नेम तिने चालू ठेवला आहे. पोरं अजून सायकली न्यायला आलेली नाहीत आणि गंज काही कुणासाठी थांबत नाही, असं ती म्हणते. हातात तीच लांब नळीची तेलाची बुधली होती. मी उभ्याउभ्याच तिला मराठीत सगळं सांगितलं. या खेपेला 'काही' म्हणालो नाही, काय ते म्हणालो.

तिने बुधली साखळीवरून मागे घेतली.

"दर सणाला ते तुझ्या दारी जायचे," ती म्हणाली. "मला वाटायचं, त्यांनीच तुझं कायतरी मोठं वाईट केलंय. मी भांडायचे त्यांच्याशी. म्हणायचे, माझ्या भावाचं असं काय केलंत की दरसाल माफी मागावी लागते? सांगा तरी."

"मग ते काय म्हणायचे?"

"म्हणायचे, हाय माझीच चूक, तू जेव." तिने बोटाने पेडल फिरवलं आणि साखळीवर थेंब सोडला. "अकरा वर्षं मी त्यांनाच बोलत होते रे."

मग ती पुढल्या सायकलकडे वळली. मी तिथेच उभा होतो. बस म्हणाली नाही, जा म्हणाली नाही.