दह्यातला पाव

माझा नवरा गेला. भेटायला आलेले सगळे परतले आणि घरात मी आणि सासूबाई, अशा दोघीच उरलो. त्या दिवशी दुपारी त्या परात घेऊन कणीक मळायला बसल्या. दही, मीठ, चिमूटभर सोडा. त्या नेहमी करायच्या तो घरचा साधा पाव. त्यांचा हात नेहमीसारखाच चालत होता. मी दारात उभी राहून बघत होते. मला रडू येत नव्हतं. खरं तर काहीच वाटत नव्हतं. काही विचारलं तर मी उत्तर देत होते, एवढंच.

पाव भाजायला लागला तसा आंबूस, खरपूस वास घरभर पसरला. माणूस गेलेल्या घरातही दह्यानं पीठ फुगतं, याचं मला नवल वाटलं नाही. वाटायला हवं होतं, एवढं मात्र कळलं. मग एकदम भूक चाळवली, आणि त्या भुकेची मला भयंकर लाज वाटली.

सासूबाईंनी गरम पाव मोडून अर्धा माझ्यापुढे धरला.

"नको, आई."

"घे गं," माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या. "मलाही भूक लागलीय."