साडूंचा छातीपट्टा

स्वतःच्या काळजाला ड्यूटी लावणारा माणूस अख्ख्या खानदेशात एकच निपजला, आणि तो म्हणजे माझे थोरले साडू. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी दीपनगरच्या वीजकेंद्रात काट्यांकडे बघत काढली. दर तासाला उठायचं, मीटर वाचायचं, वहीत लिहायचं. निवृत्त होऊन धुळ्याला देवपुरात राहायला आले आणि वाचायला मीटरच उरलं नाही. दोन महिने ते तासातासाला फ्रीज उघडून आत हात घालून बघत, असं अक्का, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, अजून सांगतात. मग डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं आणि साडूंना नवं यंत्र सापडलं. ते म्हणजे त्यांचं स्वतःचं हृदय.

ठोके मोजायचं साधन त्यांनी जेवढं पारखून घेतलं, तेवढं जावयालासुद्धा पारखलं नव्हतं. आधी मनगटी घड्याळ आणलं. पण हात हलला की त्याचा आकडा डगमगतो, हे ध्यानात आल्यावर ते मनातून उतरलं. "काटा बॉयलरले पाहिजे," ते म्हणाले, "कंपाउंडच्या भिंतीले कसाले?" मग थेट छातीला बांधायचा पट्टा आला. तो आतून ओला करावा लागतो, कोरडा राहिला तर भलताच आकडा दाखवतो. साडू तो देवघरातल्या तांब्यातून भिजवत आणि अक्का स्वयंपाकघरातून ओरडत, "देवाले तरी घोटभर ठेवा!" एका लग्नात ते पट्टा लावूनच पंगतीला बसले आणि शेवभाजी दुसऱ्यांदा वाढून घेताना त्यांनी गंभीरपणे जाहीर केलं, "ब्याण्णव." वाढप्याला वाटलं, पाहुणे पानं मोजताहेत.

ते नापास घड्याळ माझ्या मनगटावर आलं, आणि माझ्या पापाची सुरुवात तिथे झाली. रोज सकाळी सात वाजता जळगावला माझा फोन वाजायचा. "मना एकशेपंधरा शे. तुना कितला?" चालून झाल्यावरचा आकडा सांगायचा आणि मिनिटभर थांबून तो कितीवर उतरला तेही सांगायचं. जितका भरभर उतरेल तितकं काळीज दणकट. मी त्या वेळी अंथरुणात असायचो. पहिल्या दिवशी त्यांना वाईट वाटू नये म्हणून ठोकून दिलं, "एकशेदहा, मिनिटात सत्तर." साडू इतके खूश झाले की दुसऱ्या दिवशी खरं बोलायची सोय राहिली नाही. त्यांनी वहीत माझ्या नावाचा रकाना आखला. न बघता रीडिंग लिहिणारा माणूस त्यांच्या लेखी चोराहून हलका. अशा माणसाच्या वहीत मी आठ महिने खुर्चीवरून, खरं म्हणजे उशीवरून, आकडे भरत होतो.

आणि ते माझ्याशी शर्यत लावून बसले होते, हे मला उशिरा कळलं. त्यांचा आकडा मिनिटात जेमतेम बारा-पंधराने उतरायचा. "धाकला साडू पुढे निंघी गया भो!" असं म्हणत त्यांनी चाल वाढवली, मग चढ शोधले. गेल्या हिवाळ्यात मला सोनगीरच्या किल्ल्यावर बोलावलं. अर्ध्या चढावर थांबलो तेव्हा त्यांचा आकडा दीडशेच्या पुढे होता आणि दम खाऊनही खाली येईना. आकडा उतरला नाही तर माणसाने उतरायचं, हा त्यांचाच नियम. त्यांनी विचारलं, "तुना?" माझं घड्याळ एकशेबासष्ट दाखवत होतं. मी बाही खाली ओढली आणि म्हणालो, "एकशेआठ."

त्यांनी कौतुकाने माझ्याकडे पाहिलं. "मंग मना पट्टा कोरडा पडना व्हई," ते म्हणाले. सदऱ्यात हात घालून त्यांनी बाटलीतलं पाणी पट्ट्याला लावलं आणि पुढे निघाले. एकदा पारखून घेतलेल्या मीटरवर जन्मात कधी शंका न घेतलेला माणूस. त्या दिवशी त्याने घेतली, ती माझ्या शब्दावर विसंबून.

वर पोचता पोचता ते खाली बसले. ओठ पांढरे, कपडे घामाने चिंब. शेळ्या चारणाऱ्या दोघांच्या मदतीने मी त्यांना खाली आणलं, हायवेवर एक गाडी थांबवली आणि धुळ्याच्या दवाखान्यात पोचवलं. स्टेंट बसला. वेळेवर आणलंत, डॉक्टर म्हणाले. झालं, साऱ्या नात्यात माझं नाव झालं. साडू भेटायला येईल त्याला सांगत, "यानी वाचाडं माले." अक्कांनी मुद्दाम बोलावून मला मांडे खाऊ घातले. मी ते खाल्लेही.

चार महिने मी गप्प होतो. मग एका दुपारी देवपुरात त्यांच्यासमोर बसलो आणि म्हणालो, "भाऊ, माझे आकडे खोटे होते."

"कोणते?"

"सगळे."

"सोनगीरचा बी?"

"सोनगीरचासुद्धा."

त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने बराच वेळ पुसला. "त्या दिवशी मी उतरून आलो असतो रे," एवढंच म्हणाले. मला वाटलं, आता उठून जातील. ते उठले, पण माझ्या शेजारी येऊन बसले. माझं मनगट धरलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत पूर्ण मिनिटभर मोजलं. "एकशेचार. बसल्या जागी! बरं नही शे भो हाई. रविवारपासून माझ्यासंगे चालायचं."

तेव्हापासून दर रविवारी मी जळगावहून धुळ्याला जातो. पांझरेच्या काठाने आम्ही रमतगमत चालतो. ते गमती सांगतात, अक्कांच्या नकला करतात, सगळं पूर्वीसारखं. वाटेत कुठेतरी थांबतात आणि माझ्यासमोर हात पसरतात. मी मनगट पुढे करतो. मोजून होईपर्यंत दोघंही नदीकडे बघत उभे असतो. "तुना कितला?" असं मात्र त्यांनी त्यानंतर मला कधी विचारलं नाही.